पिलाटीज स्टुडिओत पैसे भरण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सांगली-मिरज रस्त्याला आणि विश्रामबागेत अलीकडे 'रिफॉर्मर पिलाटीज'च्या, म्हणजे स्प्रिंगा लावलेल्या साधनावर करायच्या व्यायामाच्या, पाट्या दिसू लागल्या आहेत. पाट्यांपाठोपाठ 'महिन्यात पोट सपाट', 'पाठदुखीवर रामबाण' अशा जाहिराती आल्या आणि आरोग्य पुरवण्यांतून जाहिरातीसारखेच लेखही आले. आम्ही हाच विषय शिकवतो, त्यामुळे पाट्या वाढल्याचे आम्हाला वाईट वाटण्याचे कारण नाही. पण आत जाणाऱ्या माणसाने काय पाहायचे, काय विचारायचे आणि कोणत्या उत्तरावर चप्पल घालून परत फिरायचे, हे या लेखांत एका ओळीनेही नसते. ते लिहावे म्हणून हे पत्र. थोडे लांबले आहे; कापायचे झाल्यास स्प्रिंगांचा आणि हाडांचा भाग तेवढा ठेवावा.

पिलाटीज हे माणसाचे आडनाव. जोसेफ पिलाटीज १८८३ साली जर्मनीत जन्मले. पहिल्या महायुद्धात जर्मन नागरिक म्हणून इंग्लंडमध्ये ते नजरकैदेत होते, १९२६ मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि पत्नी क्लारा यांच्यासह त्यांनी तिथे १९६७ मध्ये मृत्यू होईपर्यंत आपली पद्धत शिकवली. त्यांच्या मागे या नावाच्या मालकीवरून खटला चालला. ऑक्टोबर २००० मध्ये तिथल्या फेडरल न्यायालयाने निकाल दिला की योग किंवा कराटेप्रमाणे पिलाटीज हेही एका व्यायामपद्धतीचे नाव आहे, त्यावर कोणाचा ट्रेडमार्क चालणार नाही. निकाल योग्यच होता. पण त्याचा दुसरा अर्थ असा की तेव्हापासून तिथे कोणीही, कसलेही शिक्षण न घेता, हे नाव दारावर लावू शकतो.

आपल्याकडे हे दार आणखी सताड उघडे आहे. योग शिकवणाऱ्यांसाठी आयुष मंत्रालयाचे प्रमाणन मंडळ आहे. फिजिओथेरपिस्ट २०२१ च्या केंद्रीय कायद्याखाली येतात. पिलाटीज शिकवणाऱ्याची सरकारदरबारी वेगळी नोंद ठेवणारी अशी यंत्रणा नाही. नोकर ठरावीक संख्येपेक्षा कमी असतील तर राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार नुसती सूचना दिली की धंदा सुरू. भिंतीवर फ्रेम करून लावलेला शॉप ॲक्टचा कागद म्हणजे शिकवण्याची परवानगी नव्हे, हे सांगावे लागते, कारण तो कागद बोट दाखवून सांगितला जातो.

मग शिक्षण किती हवे? अमेरिकेत २००१ मध्ये शिक्षकांची जी संघटना उभी राहिली, तिने संपूर्ण प्रशिक्षणासाठी किमान ४५० तासांची रेघ आखली. नावाजलेल्या संस्थांचे पूर्ण अभ्यासक्रम आजही साधारण याच मापाचे असतात. यात फक्त वर्गात बसणे नसते. शरीररचना, मॅट, रिफॉर्मर, कॅडिलॅक, चेअर, बॅरल ही साधने, जाणत्या शिक्षकाचे वर्ग पाहणे, स्वतःचा सराव, आणि देखरेखीखाली दुसऱ्याला शिकवणे हे सगळे तास त्यात धरलेले असतात. शेवटी लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा. दोन दिवसांच्या शिबिरात व्यायामांची नावे आणि क्रम पाठ होतो. समोरचा माणूस पाय उचलताना कंबर कुठून चोरतो, हे दिसायला लागायला शंभर माणसे पाहावी लागतात. त्याला शिबिर पुरत नाही.

म्हणून 'तुम्ही सर्टिफाइड आहात का' हा प्रश्नच विचारू नका; त्याचे उत्तर कायम 'हो' असते. असे विचारा: कोणकोणत्या साधनांचे शिक्षण झाले, एकूण किती तास, त्यातले देखरेखीखाली शिकवण्याचे किती, आणि प्रात्यक्षिक परीक्षा कोणी घेतली? ज्याने शिक्षण घेतले आहे त्याला याचा राग येत नाही, उलट तो बसून सांगतो. फक्त मॅटचे शिक्षण घेतलेला शिक्षक मॅट शिकवत असेल तर त्यात काही कमीपणा नाही. तोच उद्या रिफॉर्मरवर दहा जणांची बॅच घेत असेल तर मात्र प्रश्न आहे, कारण रिफॉर्मर ही हलणारी वस्तू आहे.

ज्यांनी हे साधन पाहिले नाही त्यांच्यासाठी: साधारण आठ फूट लांब, सव्वादोन फूट रुंद अशी चौकट. तिच्या दोन रुळांवर चाकांनी पुढेमागे सरकणारी गादी, म्हणजे कॅरेज. गादीखाली बहुधा पाच स्प्रिंगा, ज्या एका टोकाच्या दांडीत अडकवायच्या किंवा सोडायच्या. त्याच टोकाला पायाने दाबायचा फूटबार, दुसऱ्या टोकाला कप्प्यांवरून आलेल्या दोऱ्या आणि पट्टे. गादीवर खांदे अडवायला दोन ठोकळे आणि डोक्याखाली वरखाली होणारी उशी. जिममध्ये वजन वाढवले की व्यायाम अवघड होतो, हा हिशोब इथे अर्धाच चालतो, आणि जिममधून थेट इकडे वळलेले प्रशिक्षक नेमके इथेच चुकतात.

उताणे झोपून फूटबार ढकलायचा असेल तर स्प्रिंगा वाढवल्या की जड जाते, हे खरे. पण हात फूटबारवर आणि पाय गादीवर ठेवून दंडासारखी फळी (प्लँक) धरायची असेल तर उलट होते. तिथे स्प्रिंग गादीला 'घरी', म्हणजे फूटबारकडच्या मूळ जागी, ओढते आणि माणसाला मदत करते. ती हलकी केली की गादी फूटबारपासून दूर पळते आणि सगळा भार पोट-खांद्यांवर, ते नसतील तर कमरेवर येतो. नवख्या बाईला 'तुमच्यासाठी हलके ठेवतो' म्हणून एकच पिवळी स्प्रिंग लावून फळी धरायला लावणारा शिक्षक दयाळू नाही, अडाणी आहे. उभ्याने एक पाय चौकटीच्या न हलणाऱ्या फळीवर आणि एक गादीवर ठेवून फाकवण्याच्या व्यायामात तर हलक्या स्प्रिंगेवर पाय निसटून माणूस आडवा पडू शकतो. रंगांवरही जाऊ नका. एका कंपनीची सर्वांत हलकी स्प्रिंग पांढरी असते, दुसरीची पिवळी. 'लाल दोन, निळी एक' असे इंस्टाग्रामवर पाहून लावले तर ताण भलताच निघतो. पहिल्या आठवड्यात शिक्षकाने स्वतः प्रत्येकाच्या स्प्रिंगा लावाव्यात, आणि गादी पूर्ण घरी आलेली असताना, तिच्यावर माणूस जोर देत नसतानाच बदलाव्यात. कोणी नसतानाही एक स्प्रिंग अडकवलेली असावी, नाहीतर हात टेकून बसायला गेलेल्याच्या खालून गादी सरकते.

चढण्या-उतरण्याचा नियम तर पहिल्या दिवशी तोंडपाठ करून घ्यायचा असतो. उभ्याने चढताना आधी पाय न हलणाऱ्या फळीवर, मग गादीवर. उतरताना गादी घरी आणायची, गादीवरचा पाय आधी काढायचा, फळीवरचा शेवटी. पायात पट्टे घालताना गुडघे वाकवून एकेक पाय. कंबर डोक्यावर नेण्याचे व्यायाम असतील तर डोक्याखालची उशी सपाट पाडलीच पाहिजे. ती उभी राहिली तर सगळे वजन मानेच्या मणक्यांवर वाकलेल्या स्थितीत येते. आम्ही नवीन माणसाला सुरुवातीला हे व्यायाम देतच नाही, पण व्हिडिओत छान दिसतात म्हणून ते पहिल्या आठवड्यातच करून घेतले जातात.

आता स्प्रिंगेची देखभाल. साधन बनवणाऱ्या कंपन्या स्प्रिंगा साधारण दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात, भरपूर चालणाऱ्या स्टुडिओत त्याहून लवकर. सैल सोडलेल्या स्प्रिंगेचे वेढे एकमेकांना घट्ट चिकटलेले असले पाहिजेत. मधे फट दिसली, कुठे वाकली असली, गंज धरला असला तर ती काढायची, चालवून बघायची नाही. ताणाची स्प्रिंग बहुतेक वेळा मधे तुटत नाही, टोकाच्या आकड्यापाशी तुटते, कारण तार तिथे वळलेली असते आणि प्रत्येक ओढीला तिथेच मोडल्यासारखी वाकते. ताणलेली असताना तुटली की टोक चाबकासारखे येते. त्यामुळे आठवड्यातून एकदा आकडे, दोऱ्यांचे झिजलेले भाग, कप्प्यांचे बोल्ट, फूटबारची पिन हे हाताने पाहायचे, चाकांत अडकलेले केस काढायचे, रूळ कोरड्या फडक्याने पुसायचे. दोन्ही दोऱ्या सारख्या लांबीच्या आहेत का हेही बघायचे; एक दोरी दोन बोटे लांब असली तर माणूस महिनोन्महिने तिरका ओढत राहतो आणि शेवटी म्हणतो, उजवा खांदा का दुखतो कळत नाही. ग्राहकाने मोबाइलचा टॉर्च लावून गादीखाली वाकून पाहायला काहीच हरकत नाही. स्प्रिंगा कधी बदलल्या ती तारीख साधनावर चिकटवलेली असावी, अशी आमची सूचना आहे. पाण्याच्या टाकीवर धुतल्याची तारीख लिहितात, तेवढेच काम.

यावर विचारले जाते की बाहेरच्या कंपन्यांचे साधन काही लाखांना पडते, मग कुपवाडच्या एमआयडीसीत का बनवून घेऊ नये? जरूर घ्यावे. चौकट, रूळ, चाके इथे उत्तम होतील, वेल्डिंगही चोख होईल. अडते ते स्प्रिंगेपाशी. एकाच रंगाच्या दोन स्प्रिंगांचा ताण सारखा नसेल तर गादी एका बाजूला ओढते आणि आज दिलेला भार उद्या परत देता येत नाही. स्प्रिंग बनवणाऱ्याकडून ताणाचा मोजलेला आकडा लिहून घ्या, प्रत्येक स्प्रिंग काट्याला लावून तपासा, आणि आकडा वळवताना तारेवर ओरखडा पडलेला माल परत करा. गॅरेजच्या दुकानातून 'साधारण अशीच' आणू नका.

सांगलीपुरती एक जास्तीची गोष्ट. आपल्याकडे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांना लागले की धोका, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ दोन्ही वेळा पाणी घरादारांत शिरले. पूररेषेच्या आत तळमजल्यावर स्टुडिओ काढणाऱ्याने साधने वर न्यायची सोय आधी ठरवावी. आणि जुने साधन विकत घेणाऱ्याने ते पाण्यात उभे होते का हे पाहावे: चाकांच्या बेअरिंगमध्ये गाळाची कचकच ऐकू येते, लाकडी चौकट खालून फुगलेली असते, गादीच्या रेग्झिनखालचा प्लाय सुटलेला असतो. वरून रंग मारला तरी हे तीन लपत नाहीत.

हे झाले साधनाचे. याहून मोठी चूक माणूस न ओळखण्याची. पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटे नुसते विचारण्यात गेली पाहिजेत: वय, बाळंतपणे, शस्त्रक्रिया, रक्तदाब, साखर, चालू गोळ्या, कधी पडलात का, हाड मोडले होते का, पाळी थांबून किती वर्षे झाली. हा शेवटचा प्रश्न पुष्कळ शिक्षक संकोचाने टाळतात, आणि सकाळच्या बॅचला तर पन्नाशी-साठीच्या बायकाच जास्त असतात.

कारण असे. पाळी थांबल्यावर हाडे विरळ होण्याचे प्रमाण वाढते, आणि विरळ झालेला मणका पुढे वाकवून दाबला तर तो पुढच्या बाजूने चेपतो. पिलाटीजच्या जुन्या मॅट-क्रमात ३४ व्यायाम आहेत. त्यातले कितीतरी पुढे वाकण्याचे किंवा पाठीवर गोल होऊन लोळण्याचे आहेत. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १९८४ साली हाडे विरळ झालेल्या ५९ महिलांचा अभ्यास झाला. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांत मणके पुढे आणखी चेपलेले दिसले. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ८९ टक्के होते. अभ्यास छोटा आहे, जुना आहे, पण दिशा इतकी स्पष्ट आहे की अशा बाईला रोल-अप (उताणे झोपून पाठ गोल करत उठून बसणे), रोल-ओव्हर (पाय डोक्यामागे नेणे), चेंडूसारखे लोळणे, किंवा पाय फाकून बसून करंगळी विरुद्ध पावलाकडे नेणारा 'सॉ', ज्यात वाकणे आणि पिळणे एकदमच येते, हे देऊ नयेत. डोके उचलून करायचा 'हंड्रेड'सुद्धा डोके खाली ठेवून करता येतो: पाच आकडे श्वास आत, पाच आकडे बाहेर, असे दहा वेळा. त्याऐवजी पालथे झोपून छाती हलकी उचलणे, कुशीवर झोपून पाय उचलणे, पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकणे, फूटबार ढकलणे असे पुष्कळ देता येते. संशय असेल तर आधी डॉक्टरांकडून हाडांची घनता तपासून घ्यावी.

इथे कोणीतरी म्हणणारच की आमचे सूर्यनमस्कार काय वाईट? काहीच वाईट नाहीत. ज्या औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी त्यांचा प्रसार केला, त्या संस्थानात आपल्या जिल्ह्यातले आटपाडीही होते. आम्ही कशाला नावे ठेवू? पण विरळ हाडांची जी खबरदारी रोल-अपला, तीच पायाला डोके लावण्याला. मणक्याला पद्धतीचे नाव कळत नाही.

गरोदरपणात पहिले तीन महिने झाल्यावर फार वेळ उताणे झोपवू नये, कारण वाढलेल्या गर्भाशयाचा दाब मोठ्या रक्तवाहिनीवर येऊन चक्कर येते. बाळंतपणानंतर, आणि सिझेरियन असेल तर डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावरच, आधी पोटाच्या मधल्या पट्टीची तपासणी: उताणे झोपून डोके किंचित उचलायला सांगायचे आणि बेंबीच्या वर-खाली बोटे ठेवून दोन बाजूंच्या स्नायूंमधली फट किती आणि किती खोल आहे ते पाहायचे. पोट मधोमध डोंगरासारखे वर आले तर तो व्यायाम आज नाही. 'पोट कमी करायला' आलेल्या नव्या आईला थेट डोके-पाय उचलायला लावणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे.

रक्तदाब असलेल्यांनी श्वास कोंडू नये, शिक्षकाने मोजताना त्यांचा श्वास ऐकावा. काचबिंदू असेल तर डोके खाली, कंबर वर असे काही नको. गुडघा बदललेल्यांना गुडघ्यावर उभे करण्याआधी शल्यचिकित्सकांना विचारावे. मिरजेत इतक्या शस्त्रक्रिया होतात की प्रत्येक बॅचमध्ये एखादा तरी असतोच. बरीच वर्षे मधुमेह असलेल्याच्या तळव्यांना बधिरपणा असू शकतो. त्याला फूटबारवरची कड टोचलेली कळत नाही, म्हणून पकड असलेले मोजे घालायला लावावेत आणि वर्ग संपल्यावर तळवे पाहायला सांगावे. पाठदुखीबरोबर बैठकीच्या जागेला बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला तर व्यायाम नाही, फोन नाही, सरळ त्याच दिवशी रुग्णालय.

पाठदुखीचा 'रामबाण' किती खरा? वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात १० चाचण्या आणि ५१० रुग्ण होते. जुनाट कंबरदुखीत काही न करण्यापेक्षा किंवा अगदी जुजबी उपचारापेक्षा पिलाटीजने वेदना आणि हालचालीत फरक पडतो असे दिसले, पण पुरावा कमी ते मध्यम दर्जाचा होता. आणि इतर व्यायामांपेक्षा ते सरस आहे असा ठोस पुरावा मिळाला नाही. म्हणजे ज्याला आवडते, नियमाने येववते, त्याने करावे. रोज आमराईत चालून आणि फिजिओथेरपिस्टने सांगितलेले चार व्यायाम करून ज्याची कंबर बरी आहे, त्याने आमच्याकडे पैसे भरायची गरज नाही. वजनाचेही तसेच. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे श्वास थोडा वाढेल असे मध्यम श्रम आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आठवड्यातले दोन रिफॉर्मर-वर्ग ताकदीच्या खात्यात थोडेफार जमा होतात, चालण्याच्या खात्यात नाहीत. महिन्यात पोट सपाट होत नाही. उभे राहण्याची ढब सुधारते, त्यामुळे पोट आत गेल्यासारखे दिसते, आणि त्याचाच 'आधी-नंतर' फोटो काढला जातो.

स्पर्शाबद्दलही बोलायला हवे. हा व्यायाम हाताने दिशा देऊन शिकवायचा आहे. बरगड्या कुठे फुलतात, माकडहाड कुठे टेकते, हे बोट ठेवल्याशिवाय पुष्कळदा कळत नाही. पण 'ताई, बरगडीला हात लावून दाखवू का?' हे प्रत्येक वेळी विचारायचे, आणि 'नको' म्हटले तर कारण न विचारता तोंडी सांगायचे. शिक्षक पुरुष असो की बाई, नियम एकच. आरशासमोर व्हिडिओ घेण्याचेही तसेच. परवानगी लेखी हवी, आणि मागच्या रांगेत कोण दिसते तेही बघायला हवे.

बॅच किती मोठी असावी? नवख्यांना एका शिक्षकामागे चार साधने, सरावलेल्यांना सहा, फार तर आठ, असे आमचे मत आहे. साधनाला आठ बाय सव्वादोन फूट लागतात, दोहोंमध्ये निदान दोन-अडीच फूट मोकळे हवेत, हात बाजूला पसरले तर शेजारणीला लागू नयेत. दहा बाय बाराच्या गाळ्यात मोजून दोनच साधने नीट बसतात. तिथे चार कोंबली की शिक्षकाला मधून जाता येत नाही, तो पुढे उभा राहून माईकवर आकडे मोजतो, आणि शिकवणे तिथेच संपते. असे का होते हेही उघड आहे: भाडे, साधनांचे हप्ते आणि शिक्षकाचा पगार चार जणांच्या फीमध्ये बसवायचा तर फी सांगलीला परवडत नाही, म्हणून माणसे वाढवतात. आमच्या मते यावर उपाय म्हणजे रिफॉर्मर कमी आणि मॅट जास्त. मॅटच्या वर्गात दहा-बारा जण नीट शिकू शकतात आणि फी निम्म्याखाली येते. पण मॅट फोटोत दिसत नाही, म्हणून तो विकला जात नाही.

याच ओढाताणीत शिक्षकही भरडतो. पहाटे सहाच्या आणि संध्याकाळी सातच्या बॅचा, मधला दिवस मोकळा आणि बिनपगारी, पैसे तासावर, रद्द झालेल्या वर्गाचे शून्य. काही ठिकाणी शिकाऊ मुलींकडून बाँड लिहून घेतात आणि प्रमाणपत्र अडकवून ठेवतात. प्रत्येक बॅचमध्ये सगळे व्यायाम स्वतः करून दाखवायला लावले तर वर्षभरात शिक्षिकेचीच कंबर धरते. चांगला शिक्षक फार करून दाखवत नाही, तो पाहतो आणि सांगतो. ग्राहकाने 'मॅडम स्वतः काहीच करत नाहीत' अशी तक्रार करू नये.

फी भरताना वर्षाचे पॅकेज घेऊ नका, कितीही सूट असो. आधी एक चाचणी वर्ग, मग महिना. पावतीवर किती वर्ग, किती मुदतीत, आजारी पडल्यास मुदतवाढ किती, स्टुडिओ बंद पडल्यास परतावा कसा, हे लिहून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिम, योग केंद्रे अशा सेवांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या दराने कोणी लावत असेल तर विचारा, आणि नोंदणी क्रमांक नसलेल्या बिलावर तो लावताच येत नाही. पैसे अडकले तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या रकमेच्या तक्रारीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. फसव्या जाहिरातीचे कात्रण जपून ठेवा, ते पुरावा म्हणून उपयोगी पडते.

आपल्याला एवढीच विनंती की स्टुडिओने पैसे देऊन छापून घेतलेला मजकूर असेल तर त्यावर ठळक 'जाहिरात' असे छापावे, आणि पुरवणीत पिलाटीजवर लेख आला तर लिहिणाऱ्याचे शिक्षण किती तासांचे, ते त्याच्या नावाखाली द्यावे.

ज्यांना स्टुडिओ परवडत नाही किंवा तासगाव, विट्याहून येणे जमत नाही, त्यांनी घरी आठवड्यातून तीनदा वीस मिनिटे केली तरी चालते. उताणे झोपून गुडघे वाकवून बरगड्या बाजूला फुगवणारे दहा श्वास, कंबर हलकेच पुढेमागे हलवणे, टाच घसरवत एकेक पाय सरळ करणे, कंबर उचलणे, कुशीवर पाय उचलणे, हात-गुडघ्यांवर राहून एक हात पुढे आणि विरुद्ध बाजूचा पाय मागे लांबवणे; प्रत्येकी आठ-दहा वेळा, आकडे घाईने न मोजता. डोके उचलण्याचे आणि लोळण्याचे व्यायाम शिक्षकाशिवाय नकोत. बाजारात मिळणारी चार-सहा मिलिमीटरची योगा मॅट पाठीच्या कण्याला टोचते. तिच्याखाली सतरंजी आणि दुहेरी घडीची चादर घाला. पलंगावरच्या गादीवर करू नका, ती खाली दबते आणि कंबर कुठे आहे तेच कळत नाही.

आपले,
सांगली-मिरज परिसरातील पिलाटीज शिकवणारे काही शिक्षक